छोटा सेट घेतला

अगं,

हॅम रेडिओचा मोठा सेट दुकानदाराला परत केला आणि छोटा घेतला. टेबलावरही चालतो आणि बॅटरी लावली की पिशवीत घालून कुठेही नेता येतो. आवाज मोठ्याइतका लांब पोचणार नाही, पण तुझ्या पर्सपेक्षा हलका आहे.

जड सेट घेतला की माणूस घरात बसेल, हा तुझा डाव मला पहिल्या दिवशीच कळला होता. पण दवाखान्यातून आल्यापासून त्या एका खिडकीला मी पुरता कंटाळलोय. मागच्या टेकडीवर चाललोय. गोळी घेतली आहे. चढ नको म्हणून धाकटा गाडीने वर सोडतोय, अँटेनाची तारही तोच बांधणार आहे.

स्वयंपाकघरातला जुना सेट आपल्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर लावून ठेवलाय. हॅमच्या लायसन्सची परीक्षा तू माझ्याआधी पास झालीस, तेव्हा कसं बोलायचं ते मी शिकवायला नको.

तू बोलायचं बटण दाबून धरलंस की मला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा काय रागवायचं ते मनसोक्त रागावून घे. फक्त शेवटी बटण सोड, म्हणजे मी ठीक आहे एवढं मला सांगता येईल.