लेकीच्या हाताखाली सहा दिवस

१८ एप्रिल, पाथरी
स्वातीचा फोन. ऑफिस सोडलं म्हणती. आत्ता न्हाई, जानेवारीतच. तीन महिने होऊन गेले, मला आज सांगायलीय. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात बेटं हायत, तिथं लोकं सुट्टीला पायी चालायला येतात, त्यांना घेऊन फिरायचं काम. मी म्हणलं, म्हणजे गाइड? "असिस्टंट गाइड, बाबा." त्यातबी असिस्टंट.
सौ. भाकरी थापायलती. तिला सांगितलं तर मान वर केली न्हाई. म्हणजे हिला माहीत होतं.
स्टँडपर्यंत जाऊन आलो. परत गेलो. परत आलो. ऊन लय.

१९ एप्रिल
सरकारी स्कॉलरशिप मिळाली तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला. मला दोन शब्द बोलायला लावलं. म्हणलं होतं, पोरगी पर्यावरण शिकून येईल, मोठ्या जागेवर बसेल. लोकं अजून विचारतात, स्वाती कुठवर आली? तिथंच ऑफिसर हाय, सांगतो. आता काय सांगायचं.
रिटायर होऊन चौदा महिने. कंडक्टर म्हणून बत्तीस वर्षं हलत्या गाडीत उभा राहिलो. परभणी, सेलू, शेवटी शेवटी पालम मुक्काम. खुर्ची नीट जमंना अजून. टीव्हीपुढं दहा मिनिटं बसलो की उठतो. सौ. म्हणती, बसा ना एका जागी. बसतो. परत उठतो.

२४ एप्रिल
स्वातीला भेटायला तिकडं जायचं तर होतंच, तिकीट, व्हिसा सगळं झालेलं. नवीन एवढंच की स्वा.च्या गटातला एक माणूस गळाला, त्याच्या जागी मी. सहा दिवस, बेटामागून बेट, रोज दहाबारा किलोमीटर. "या माझ्यासंग. बघा मी काय करायलेय ते." सौ. येणार न्हाई, गुडघे.
हो म्हणलं. मनात वेगळंच. परभणीच्या एका कॉलेजात शिकवायची जागा निघालीय, तासिकेवर का होईना. अर्ज मेअखेर. फॉर्म आणला, बॅगेच्या तळाला ठेवला. तिथं समोर बसवून सही घ्यायची.

२७ एप्रिल
पहाटे मानवत रोडला चालायची सवय करायलोय. नवे बूट टाचेला चावतात. वाटेत विहारातले देवराव भेटले. "जयभीम कंडक्टर साहेब. गाडी हुकली का?" आठ किलोमीटर झाले, पावणेदोन तासात. दम न्हाई लागला. मनात होतं, तिथल्या गोऱ्यांच्या पुढं राहायचं.

३ मे, ग्लासगो
विमानतळावर आधी ओळखलीच न्हाई. केस कापलेत. काळवंडलीय, वाऱ्यानं म्हणती, उन्हानं न्हाई. माझी जड बॅग एका हातानं उचलली आणि चालू लागली. मी मागं मागं. "बाबा, जेवला का विमानात?" सौ.सारखंच विचारलं.

४ मे, बारा नावाचं बेट
ओबान नावाच्या गावाहून बोट, जवळपास पाच तास. सगळे खाली चहाला बसले, मी वर कठड्याला धरून या टोकाहून त्या टोकाला. 
गट सात जणांचा. मुख्य गाइड इशबेल, साठीची बाई, याच बेटांवर जन्मलेली. ती पुढं चालणार. स्वा. सगळ्यात मागं. तिच्या मागं कुणी राहायचं न्हाई, हे तिचं काम. दर थोड्या वेळानं माणसं मोजायची.
मागं राहून माणसं मोजायची. हे ऐकून काहीतरी… जाऊ दे.

५ मे
झाड न्हाई एकबी. गवत, खडक, काळं पाणी धरलेली जमीन, आणि वारा. सारखा वारा. बोललेलं उडून जातंय.
मी इशबेलच्या पुढं निघून जायलो. तिनं दोनदा हात करून थांबवलं, हसून. मला थांबता येईना. लोकं दर दहा पावलांना फूल बघतात, पक्षी बघतात. गाडी वेळेत पोचवायची असल्यागत माझे पाय.
मागं वळून बघितलं तर स्वा. माझ्याकडंच बघायलती. मग माणसं मोजायला लागली.

६ मे, साउथ उइस्ट
दगडी भिंती, छपरं न्हाईत, आत मेंढ्या. पूर्वी इथं वस्ती होती. जमीनदारांना मेंढ्या पाळायच्या होत्या, माणसं बोटीत घालून परदेशी धाडली. इशबेलच्या घराण्यातलीबी गेली. ती सांगायली आणि स्वा. मला मराठीत. सांगता सांगता स्वा.चा आवाज बदलला.
आमच्याकडं ऊसतोडीला गेल्यावर तांडे असेच पडतात. माझ्याच गाडीत बसून जायची माणसं, चुली-भांडी टपावर. पण ती परत येतात. दाराला कुलूप असतं. इथं दारच न्हाई.
इशबेलनं चुलीच्या जागेवर पाय न देता वळसा घातला. स्वा.नं पण. मग मीही.

७ मे
फॉर्म काढला. जेवणं झाली होती, बाहेर अजून लख्ख उजेड, आम्ही दोघं मुक्कामाच्या घरामागं दगडावर.
तिनं शेवटपर्यंत वाचला. घडी करून माझ्या हातात दिला.
"बाबा, मी भरणार न्हाई."
"नोकरी हाय ती. मानाची."
"ही पण हाय."
"लोकांच्या मागं चालायची?"
म्हणली, "ऑफिसात आठ महिने बसले. रोज वाटायचं, उठून जावं. हे कुणाकडून आलं मला?"
मी म्हणलं, मी बत्तीस वर्षं उभा राहिलो ते तू खुर्चीत बसावीस म्हणून. ती उठून आत गेली. फॉर्म वाऱ्यानं उडाला, कुंपणाला अडकला, मग तिथूनबी गेला. मी उठलो न्हाई धरायला.
झोप धड न्हाई.

८ मे, नॉर्थ उइस्ट

व्हॅले नावाचं बेट. ओहोटी लागली की समुद्र एवढा मागं सरतो की वाळूवरून तीन किलोमीटर चालत जाता येतं. परतायची वेळ ठरलेली. इशबेलनं दोनदा बजावलं, स्वा.नं मराठीत तिसऱ्यांदा. एकच्या आत वाळू ओलांडायची, आणि चाकांच्या खुणांवरूनच चालायचं. वाळू सपाट दिसली तरी मधी खोलगट हाय, भरतीचं पाणी आधी तिथं शिरतं.
स्वा. माझ्याशी कामापुरतंच बोलायलती.
परतताना गटातल्या एका म्हाताऱ्या बाईचा पाय मुरगळला. इशबेल पट्टी बांधायला बसली, सगळे थांबले. मी थांबलो न्हाई. पलीकडच्या काठावर आमची गाडी दिसायलती. चाकोरी लांबून वळसा घालून जाती, म्हणलं सरळ जावं. रागात होतो. राग तिचा का माझा, माहीत न्हाई.
पाणी चमकायलं. घोट्याएवढं. चाललो. पिंडरीएवढं. आता संपेल म्हणून चाललो. गुडघ्याला लागल्यावर मागं बघितलं तर मागंबी पाणी. वाळू पायाखालून सरकायली. पाण्याला ओढ होती.
तेवढ्यात आवाज आला. "बाबा, जागेवर उभे राहा. पुढं पाऊल टाकू नका."
तो आवाज मी आधी कधी ऐकला न्हवता. ओरडणं न्हाई, रडणं न्हाई. उभा राहिलो.
ती सरळ माझ्याकडं आली न्हाई. डावीकडून लांब फिरून, काठीनं वाळू चाचपत, उंचवटा धरून आली. मला वाटलं, किती वेळ लावायलीय. पोचली तेव्हा पाणी माझ्या कमरेला. माझा हात तिनं स्वतःच्या पट्ट्यात अडकवला. "माझ्या पावलावर पाऊल. बोलू नका." आलो. 
बाकीचे इशबेलसंग चाकोरीवरून कोरडे पोचले होते. गाडीत गटातला एकजण इशबेलला म्हणाला, त्या मुलीनं जखमी बाईला सोडून जायला नको होतं, तिची जागा शेवटी. इंग्रजीतच, पण एवढं कळलं मला. स्वा. खिडकीबाहेर बघत होती. ओठ निळे.

९ मे
पाऊस, वादळी वारा. चालणं रद्द. कुठं जावं? खोलीत खिडकी ते दार, सात पावलं.
इशबेलला रिपोर्ट लिहावा लागणार. कंपनी बैठक घेईल, स्वा.ला पुढं ठेवायचं का न्हाई ते तिथं ठरणार. व्हिसाची मुदतबी पुढच्या वर्षी संपते, कंपनीनं ठेवलं न्हाई तर परत यावं लागेल. हे मला स्वा.नं न्हाई, सौ.नं फोनवर सांगितलं. आणि फोन ठेवला.
दुपारी कागद घेतला. स्वा.ला भाषांतराला बोलावलं न्हाई. माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं: सूचना तीनदा मिळाल्या होत्या, मी मोडल्या, चूक माझी, मुलीनं जीव वाचवला. सही केली. इशबेलला नेऊन दिलं.
तिनं चष्मा लावून वाचलं. मग हळूहळू, मला कळेल असं बोलली. हा कागद मी जोडीन. पण मी जे पाहिलं तेही लिहीन. पाण्यात ती बरोबर वागली, माझ्यापेक्षा बरी. चुकली त्याच्या आधी. चार दिवस तुम्ही पुढं पळत होता. दुसरा कुणी असता तर तिनं पहिल्याच दिवशी खडसावलं असतं.
बाहेर आलो तर स्वा. जिन्यात उभी. ऐकलं होतं.
"खरं हाय," म्हणली. "मला तुमाला रागवताच येईना, बाबा."
 तिच्या हातात चहाचा मग होता, तो मला दिला. दोघं जिन्यातच बसलो. बराच वेळ बसलो.

१० मे
शेवटचं चालणं. वारा पडलेला. निघताना सगळ्यांच्या देखत स्वा. म्हणली, "बाबा, तुमी इशबेलच्या मागं, चौथे. पुढं जायचं न्हाई." आधी मराठीत, मग इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून. परवा गाडीत बोलला तो माणूस माझ्याकडं बघायलता.
चौथा चाललो. अवघड होतं, खोटं कशाला लिहू. पुढच्या माणसाच्या टाचा बघत चार तास. पण पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं. गवतात एक पक्षी कंगव्यावर नख ओढल्यागत ओरडत होता, दिसला न्हाई. पायाला पट्टी बांधून आलेल्या म्हाताऱ्या बाईनं खिशातला सुकामेवा दिला.
मागून अधूनमधून तिचं मोजणं. सात. सात. सात.

१९ मे, पाथरी
घरी. बेचाळीस डिग्री. सौ. दोन दिवस नीट बोलली न्हाई, आज वरण मला आवडतं तसं आंबट केलं, म्हणजे निवळली.
सकाळी विहारात गेलो. देवरावांनी विचारलं, काय म्हणती आपली ऑफिसर?
म्हणलं, "ऑफिसर न्हाई. वाटाडी हाय. समुद्रातून माणसं न्यायची आणायची."
"म्हणजे?"
"मलाच आणलं."
सगळं सांगितलं, कमरेएवढ्या पाण्यासकट. कुणी हसलं न्हाई. एक जण म्हणाला, मग एवढी स्कॉलरशिप… आणि तिथंच थांबला.  

२५ मे
स्वा.चा मेसेज. बैठक बुधवारी, त्यांच्या अकराला. आपले साडेतीन.
कॉलेजच्या अर्जाला अजून सहा दिवस हायत. मला हे का आठवावं?

२८ मे, बुधवार
सकाळपासून चार वेळा स्टँडला. तिथले जुने सोबती म्हणायलेत, साहेब, परत ड्युटीवर या.
जेवताना सौ.नं विचारलं, "तुमाला नेमकं काय पायजे? तिला ठेवावं का काढावं?"
"तिचं भलं."
"ते मी इचारलंच न्हाई."
काढलं तर पगार बंद, व्हिसा संपायची वाट न बघता महिनाभरात घरी येईल. परभणीला खोली घेऊ, आठवड्याला भेट. ठेवलं तर… तो पाण्यातला आवाज आठवतो. इथं तो आवाज कुठं वापरल ती.
सौ.ला म्हणलं, ठेवावं. म्हणलं आणि ताट सरकवलं.

साडेतीन झाले. चार.
सव्वाचार. फोन मधल्या खोलीत चार्जिंगला.
वाजला. सौ.नं उचलला. "हां, बोल बाई," एवढंच म्हणली. तेव्हापासून नुसती ऐकायलीय. दारातून पाठ दिसती तिची, तोंड न्हाई. एक हात भिंतीला टेकवलाय. मी वही घेऊन ओसरीत बसलोय. पाच पावलं असतील. उठवंना मला.