पेज घट्ट कर

बोर्ली पंचतन,
१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार

आईस नमस्कार. साष्टांग नाही, कारण मी अजून चिडलेली आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद घेतला. स्वप्निलदादा उद्या टेम्पो घेऊन पेणला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. त्याला बजावलंय, आईच्याच हातात दे. बाबांना दिलं तर ते ट्रेलरमध्ये काचेपाशी टाकतील आणि महिनाभर बंदरावर फिरवून आणतील.

मी बरी आहे. खोली ठीक आहे, घरमालकीण काकू जेवायला बोलावतात, खोकला गेला. ओंकारला सोमवारी पनवेलच्या अपंग मुलांच्या संस्थेत सोडायचं तू ठरवलंस, त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. फोनवर बोलायचं ते बोलून झालं. ‘आई असून पोराला टाकतेस’ हे मी बोलायला नको होतं, तेवढं मान्य. पण तुझी पाठ दुखते म्हणून माझ्या भावाने अनोळखी माणसांत जाऊन राहायचं, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. झालं, लिहिणार नव्हते ते लिहिलंच.

इथलं सांगते. कॉलेजने आम्हाला पाठवलंय ते अपंग मुलांच्या घरी जाऊन त्यांना बसायला, खायला, खेळायला काय सोय करता येते ते बघायला. माझ्याकडे कोळीवाड्यातली मृणाली आहे. सहा वर्षांची; दुखणं आपल्या ओंकारसारखंच. हातपाय ताठ, मान धरवत नाही, बोलणं नाही, पण हसली की चार घरं पलीकडे कळतं. तिची आई वेणूबाई मासळी सुकवते आणि दिवसभर पोरीला पाठीशी किंवा मांडीवर घेऊन काम करते. म्हटलं, हिला खुर्ची करूया. जुन्या वर्तमानपत्रांचे थर खळीने एकावर एक चिकटवून आम्ही खुर्च्या करतो, तू सुट्टीत बघितली होतीस तशी. मृणालीच्या मापाची केली. पिवळा रंग दिला, बाजूला मासे काढले. सगळ्या वाडीने कौतुक केलं. मीही हवेतच होते.

खालची बाजू मात्र रंगवायची राहिली. म्हटलं, खाली कोण बघतंय.

वेणूबाईचं काम अंगणात. तिथे बोंबील धुतात, पाणी सगळीकडे वाहतं, आणि खुर्ची त्याच पाण्यात उभी. वर्गात कोरड्या फरशीवर शिकलेल्या माझ्या डोक्यात हे आलंच नाही. परवा ती मृणालीला खुर्चीत बसवून कालवणभात भरवत होती. मी समोर, खुशीत, फोटो काढत होते. खुर्चीचा मागचा पाय भिजून मऊ झालेला, तो खचला. खुर्ची मागे कलली आणि तोंडातला घास तसाच घशात गेला.

आवाज आला नाही, आई. मला वाटायचं असं झालं की मूल खोकतं, रडतं. काहीच नाही. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, आणि ओठ काळे पडायला लागले. वेणूबाईने तिला ओढून काढलं, हातावर पालथी घेतली आणि पाठीवर थापा मारत राहिली. मी काय केलं? उभी राहिले. हेच मी परीक्षेत बाहुलीवर करून दाखवलंय, मॅडमनी शाबासकी दिली होती. मला हात उचलवेनात. फोन हातात तसाच धरून मी बघत होते.

घास पडला. मृणाली रडली. इतका गोड आवाज मी आजवर ऐकला नाही.

वाटलं, आता वेणूबाई मला हाकलणार, आणि ते बरोबरच झालं असतं. तिने पोरीचं तोंड पुसलं, मला खाली बसवलं. म्हणाली, “भ्यालीस? मी रोज भितंय, पोरी. परत्येक घासाला. कोनाला सांगू? सांगितला तर म्हनतील, तुला जमत न्हाय, ठेव हिला कुठं तरी.”

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या खूप बोलल्या. ऐकून घेतलं.

आज पुन्हा गेले तर वेणूबाई मृणालीला मांडीवर आडवी घेऊन चमच्याने पेज ओतत होती. शीत नाही, नुसतं पाणी. “आता ह्येच,” म्हणाली, “अडकायला नको.” मी तिला सांगितलं, उलट आहे हो. पातळ झर्रकन खाली जातं, पोरीला घसा आवळायला वेळच मिळत नाही, ते श्वासात उतरतं. घट्ट असलं की जिभेवर राहतं. ताठ बसवा, हनुवटी जराशी खाली, घास लहान. तिला पटेना. घाबरलेल्या आया हेच करतात, मॅडम म्हणतात. एकदा घास अडकला की सगळं पातळ करतात आणि लेकराला आडवं घेतात.

तिथून परत येताना एसटीच्या थांब्यावर मला तुझा फोन आठवला.

तू फोनवर म्हणालीस, “हल्ली पेजच देते त्याला, पातळ, बरं पडतं.” मी भांडायच्या नादात होते, ऐकलं आणि सोडून दिलं. आई, मी दसऱ्याला घरी होते तेव्हा ओंकार जिताडा माशाचा तुकडा भातात कुस्करून खात होता, आणि अजून हवा म्हणून टेबल बडवत होता.

कधी अडकलं त्याच्या घशात?

बाबा बंदरावर असतील, मी इथे. तू एकटीच असशील. आणि नंतर कुणाला बोलली नाहीस. पाठीचं काही नाही ना? तुझी पाठ गेली दहा वर्षं दुखते, तू तिच्यासाठी कधी काही ठरवलं नाहीस. आपल्या हातून तो जाईल, याची भीती वाटली तुला. म्हणून पनवेल. आणि मी म्हणाले, टाकतेस.

मला लाज वाटते, आई.

तू मला कधी त्याला भरवू दिलं नाहीस. “अभ्यास कर, मी बघते,” म्हणायचीस. मी रविवारी पहिल्या गाडीने येते. दुपारचं मी भरवणार, तू समोर बस. मी भिणारच आहे. तूही भी. एकटीने नको. त्यानंतरही तुला वाटलं की त्याने सोमवारी जावं, तर त्याची पिशवी मी भरीन, बरोबर येईन, त्याला कसं बसवायचं, कसं भरवायचं ते तिथल्या बायांना दाखवीन, आणि तुला उलट एक शब्द बोलणार नाही.

रविवारपर्यंत एवढंच कर. त्याला आडवं घेऊ नकोस. आणि पेज घट्ट कर.

साष्टांग नमस्कार.

तुझी,
रुचिता