माहेरची मेंढी थांबवत नसतात

बा, तुझी लेक स्वयंपाकघरात बादलीभर पाण्यात मीठ कालवून समुद्र करते, हे तू पाहिलं असतंस तर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतास. कन्नडहून खाली उतरून पडेगावच्या ज्या माळावर तू मेंढरं बसवायचास, तिथं आता आमची कॉलनी आहे, आणि आमच्या बैठकीत काचेची मोठी टाकी आहे. टाकी तुझ्या नातवाची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि टाकी माझ्या गळ्यात मारून गेला. आत मासे थोडे आणि कोरल जास्त. अंगठीत घालतात ते पोवळं तुला माहीत आहे. त्याचीच ही जिवंत भावकी समज. दिसायला दगड, पण खातात, वाढतात आणि जरा कुठं बिनसलं की सुनेसारखे नाही, सासूसारखे रुसतात. यंदाही पावसानं दगा दिला, गल्लीत टँकर येतो, आणि मी फिल्टरचं पाणी या दगडांना घालते म्हणून शेजारीण नाक मुरडते. गाळताना फिल्टर जे वाया पाणी बाहेर सोडतो ते मी फरशीला आणि झाडांना वापरते. हे आधीच सांगून टाकते, कारण तू पहिल्यांदा तेच विचारलं असतंस.

दिवाळीत सून माहेरी जाऊन आली ती हातात डबा घेऊन. तिच्या बाबांनाही हाच नाद आहे. त्यांनी त्यांच्या टाकीतल्या कोरलचा एक हिरवा तुकडा खास माझ्यासाठी काढून दिला होता. आता नवा तुकडा आला की तो आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचा, मग महिना-दीड महिना वेगळ्या भांड्यात ठेवायचा आणि मगच टाकीत सोडायचा, हे मुलानं मला दहादा बजावलेलं आहे. दुकानातून आणलेल्या प्रत्येक तुकड्याचं मी तसंच केलंय. पण हा सुनेच्या माहेरचा. माझा हात औषधाच्या बाटलीपर्यंत गेला आणि मागं आला. तिच्या बापाच्या घरून आलेली वस्तू तिच्यादेखत बुचकळून तपासायची, हे मला जमेना. मी डब्याला हळदकुंकू लावलं आणि तुकडा सरळ टाकीत, माझ्या सगळ्यात जुन्या विटकरी कोरलच्या शेजारी ठेवला. ते विटकरी कोरल बोटाच्या पेराएवढं होतं तेव्हापासून मी वाढवलंय, आता ताटाएवढं झालंय.

हळदकुंकू लावताना मला तूच दिसत होतास. तो मोठा दुष्काळ. आपला कळप निम्म्यावर आलाय, तू चाऱ्याला उसाच्या वाढ्यांसाठी वणवण करतोयस, आणि मामा खांद्यावर घोंगडं टाकून, एक गाभण मेंढी पुढं घालून येतोय. बहिणीचं घर उभं राहावं म्हणून त्यानं आपल्या कळपातली चांगली मेंढी निवडून आणलेली. मेंढी सारखी कुडाला अंग घासत होती. माय हळूच म्हणाली की चार दिवस वेगळी बांधा. तिच्या भावाची मेंढी, तरी तीच म्हणाली. तू म्हणालास, "पाव्हण्याला अंगणात बसवून त्याचं अंग तपासतो का आपुन? माहेरची मेंढी थांबवत नसतेत." कुंकवाचं बोट लावून तू तिला कळपात सोडलंस. महिन्याभरात कळपाला खरूज लागली. लोकरीचे पुंजके कुडाला लटकायला लागले. औषध मिळालं, पण बुचकळायला पाणीच नव्हतं. उरलेला कळपही बाजारात गेला आणि तू लोकांच्या वावरात रोजानं जायला लागलास. मामाला सांगू या, असं मी म्हटलं तेव्हा तू माझ्यावर असा कडाडलास की मी आठवडाभर तुझ्या ताटाला ताट लावलं नाही. देणाऱ्याचं मन बघायचं, म्हणालास, आणि पुन्हा ही गोष्ट काढायची नाही. तू खरंच कधी काढली नाहीस. तू होतास तोवर मामाही पुन्हा कधी आला नाही. त्याला वेळ नसेल, असं तू म्हणायचास आणि मायकडं बघायचं टाळायचास.

संक्रांतीच्या आधी माझं विटकरी कोरल कडेनं पांढरं पडायला लागलं. पाणी तपासलं, ते ठीक होतं. सकाळी टाकीतला दिवा लागण्याआधी बॅटरी मारली, तर खालच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे पांढरे किडे. मांस खात खात पुढं सरकतात आणि मागं नुसता चुना ठेवतात. कोरल बाहेर काढून औषधात बुडवलं की किडे गळून पडतात, पण अंड्यांवर औषध चालत नाही. ती ब्रशनं खरवडायची, दर आठवड्याला पुन्हा बुडवायचं, पुन्हा बघायचं. मी हिरवा तुकडा उलटा केला. सगळ्यात जास्त अंडी त्याच्या पोटाला होती.

आता सुनेला सांगायचं की नाही? लग्नाला वर्ष झालेलं नाही. अजून ती आमच्या घरात पदर सांभाळल्यासारखी वावरते. दोन दिवस मी तुझ्यासारखीच गप्प बसले, आणि खरं सांगते, मला त्यात मोठेपणा वाटत होता. मग तुझ्या दहाव्याचा दिवस आठवला. मामा आला होता. सगळ्यांपासून लांब, बाभळीखाली बसला होता. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाला, "माझ्या मेंढीची खरूज कळपाला लागली, ते मला बाजारात कळलं होतं. दाजींनी एक शिवी हासडली असती ना पोरी, तर मी दुसऱ्या दिवशी आलो असतो. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाय. मग म्या कोणत्या तोंडानं यावं?"

मी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांची कोरलंपण पांढरी पडतायत. ते पाण्याला दोष देत बसलेत. बरं झालं सांगितलंत." संक्रांतीला ती आली तेव्हा पदर खोचून मोरीशी बसली आणि जुन्या टूथब्रशनं अंडी खरवडू लागली. माझ्याहून बारीक नजर आहे तिची. अर्धं विटकरी कोरल गेलं, अर्धं राहिलं. राहिलेल्याला आता नवी कड फुटते आहे.

परवा तिच्या बाबांनी आणखी एक तुकडा पाठवला, जांभळा, आणि निरोप दिला की आधी वेगळा ठेवा. औषधात बुडवून काढला आणि ठेवलाय स्वयंपाकघरात, वेगळ्या बादलीत. हे पत्र तुला कुठं पाठवू, बा? मामालाही आता सांगता येत नाही, तोही तुझ्याकडंच आलाय. तिथं तरी बोला एकमेकांशी. आणि एक गोष्ट मी सुनेलासुद्धा सांगितलेली नाही. बादली जागेवर ठेवली, घरात कोणी नाही हे बघितलं, आणि तिच्या कडेला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं.