गाडीचं दार उघडण्याआधी

प्रिय सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे आम्ही दोघंच, आणि दोघंही आपापल्या पायांवर चालतो आहोत. फोन करता आला असता, हे मलाही कळतं. पण फोनवर मी ओरडतो, तू ‘हो अण्णा, बरं अण्णा’ म्हणतेस, आणि रिसीव्हर खाली ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की बोलायचं होतं ते राहूनच गेलं. शिवाय त्या दिवशी तुझी सासू तुला जे बोलली, तेव्हापासून आमचा फोन ही शोभेची वस्तू झाली आहे. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसतो, एवढाच त्याचा उपयोग. टेलिफोन ऑफिसात बसून अख्ख्या गावाच्या लाइनी जोडून देण्यात हिची नोकरी गेली, पण स्वतःच्या सुनेला फोन लावायला हिचं बोट उचलत नाही. तूही हट्टी, तूही केला नाहीस. दोन हट्टी बायकांच्या सांदीत सापडलेला मी.

खरं सांगतो, तू त्या शंभर किलोमीटरच्या सायकल फेरीत पुन्हा नाव घातलंस हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, मिटतो. गॅलरीत जातो, कशाला आलो ते विसरतो, परत येतो. जेवताना मध्येच उठून दाराची कडी लागली आहे का ते बघतो. ही म्हणते, पायाला भिंगरी लागली आहे का तुमच्या, बसा की जरा स्वस्थ. आणि मला बसवून स्वतः उठते आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेते. तीच फेरी, तोच रस्ता, आणि तो रस्ता बाकीच्या वाहनांना नेहमीसारखा उघडाच. ‘त्या रस्त्यावर सायकल घातलीस तर पुन्हा आमच्या घराची पायरी चढू नकोस,’ असं ही तुला म्हणाली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तू ‘बरं, आई’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. भांडली असतीस तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. त्या ‘बरं’चं काय करायचं ते आम्हाला दोघांनाही कळेना. मुलगा गेला, आता सूनही हातची जाते की काय, या एका धास्तीने माझ्या या येरझाऱ्या चालल्या आहेत.

ड्रायव्हिंग स्कूल चालू आहे. आता पुरे करा, असं सगळे म्हणतात, पण घरी बसून मी करू काय? सध्या एक शिंपीणबाई शिकायला येते. माझ्याहून थोडीच लहान असेल. शिलाई मशीनवर जन्म गेलेला, त्यामुळे क्लच असा अलगद सोडते की बघत राहावं. पण मी हल्ली पहिल्या दिवशी कुणाला गाडी चालूच करू देत नाही. आधी गाडीतून उतरायला शिकवतो. दार उघडायचं ते दाराकडच्या हाताने नाही, पलीकडच्या हाताने. पलीकडचा हात दारापर्यंत न्यायचा म्हणजे अंग वळतं, अंग वळलं की मान वळते, आणि मान वळली की मागून येणारा सायकलवाला दिसतो. बसा, वळा, बघा, उघडा, उतरा. पुन्हा बसा. लोक कंटाळतात, दुसऱ्या स्कूलमध्ये जातात, मागे म्हणतात की म्हातारा सटकला. भाजी आणायला गेलो तरी मी रस्त्याच्या कडेला उभ्या गाड्यांपाशी थांबतो, आणि कुणी बेधडक दार उघडलं की माझा तोल जातो. परवा एका वकिलाला मी भर रस्त्यात पुन्हा गाडीत बसवून पुन्हा उतरायला लावलं. उतरला बिचारा. माझा अवतार बघूनच उतरला असेल.

तर शिंपीणबाईंची परीक्षा. गाडी सुरेख चालवली, कडेला नीट लावली, परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, उतरा आता. बाई वळल्या, मागे बघितलं, तर सायकली येत होत्या. थांबल्या. सायकली गेल्या, स्कूटर आली. स्कूटर गेली, आणखी सायकली आल्या. नेमकी शाळा सुटायची वेळ. बाई आपल्या दारावर हात ठेवून, मान वळवून बसलेल्या. साहेबांना वाटलं यांची मान आखडली. ते घाबरून आपल्या बाजूने घाईघाईत उतरायला गेले, तर बाईंनी त्यांची बाही धरून खसकन मागे ओढलं आणि म्हणाल्या, आधी मागे बघा! नापास केलं त्यांनी बाईंना. मी बाईंना आइस्क्रीम खाऊ घातलं. इतका चांगला विद्यार्थी मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

हे सगळं कुणामुळे, ते तुला सांगायला नको. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याच्या घरात जन्मून त्याला गाडीची गोडी कशी लागली नाही, याचं मला कायम नवल वाटायचं. तुम्ही लोकांना रस्त्यावर सोडता अण्णा, आणि मी त्यांच्यातून वाट काढतो, असं मला चिडवायचा. पहिल्यांदा तो सायकलच्या हँडलला नंबर बांधून घरी आला तेव्हा मी विचारलं, बक्षीस काय? म्हणाला, काही नाही. मग शर्यत तरी आहे का? तीही नाही, पण पुढे कुणी दिसला की त्याला मागे टाकावंसं वाटतं. यासाठी पहाटे उठून एवढी धडपड! मग त्याने तुलाही त्या नादाला लावलं. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला धड सायकल येत नव्हती, आणि बघता बघता तू चढावर त्यालाच मागे टाकायला लागलीस. मग घरी येऊन तो तोंड फुगवून बसायचा आणि तुझ्या सासूला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. तुझ्या ताटात दोन घास जास्तच पडायचे त्या दिवशी.

तुमच्या कळपाचा नियम त्याने मला समजावून सांगितला होता. पुढचा खड्डा दाखवतो, मागचा ‘गाडी!’ म्हणून ओरडतो, आणि ती आरोळी एकाकडून दुसऱ्याकडे पुढपर्यंत जाते. मला तेव्हा धीर वाटला होता. पण चालत्या गाडीची आरोळी देता येते, उभ्या गाडीची कोण देणार? औषधाच्या दुकानासमोर गाड्यांची रांग, त्यातल्या एका गाडीचं दार उघडलं, ते चुकवायला तो रस्त्याच्या मध्ये वळला, आणि मागून ट्रक आला. एवढंच लिहितो. तू त्याच्या मागेच होतीस. तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या दारवाल्या माणसाच्या घरी मी एकदा गेलो होतो. चार शिव्या हासडायच्या आणि परत यायचं, असं ठरवून गेलो. बेल वाजवली. त्याने घराचं दार उघडलं तेही इंचाइंचाने, आधी फटीतून बघून. मला ओळखलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. लेकीला ताप होता म्हणून औषध घ्यायला थांबला होता. डोक्यात तेवढंच होतं, म्हणाला. माझ्या शिव्या तोंडातच राहिल्या. मीच त्याच्या स्वयंपाकघरातून पाणी आणून त्याला दिलं आणि निघून आलो. माझा राग अजून गेलेला नाही, पण तो कुणावर काढायचा ते तेव्हापासून कळत नाही. म्हणून सगळ्या दारांवर काढतो.

आपल्या पोराच्या सायकलच्या पंक्चर झालेल्या ट्यूबांचा ढीग गॅलरीत होता, तुला आठवत असेल. ही त्या ढिगाला कुणाला हात लावू देत नव्हती. एक दिवस मी हळूच एक ट्यूब कापली आणि स्कूलच्या गाडीच्या दाराला आतून जी कडी असते, तिच्यावर रबराची पट्टी गुंडाळली. उतरताना बोटांना रबर लागलं की शिकणाऱ्याला मागे बघायची आठवण व्हावी, एवढाच हेतू. ती कापलेली ट्यूब हिच्या नजरेला पडली. आता ही घर डोक्यावर घेणार म्हणून मी चपला घालून तयारच होतो. पण ही कात्री घेऊन खाली बसली आणि म्हणाली, किती वाकडंतिकडं कापलंय, द्या इकडे. सगळा ढीग कापून होईपर्यंत ती उठली नाही. मी नुसता शेजारी बसून पट्ट्या जुळवत होतो. त्या दिवशी आम्ही दोघं त्याच्याबद्दल पहिल्यांदा मोकळेपणी बोललो.

आता माझं मत विचारशील तर, तू जाऊ नयेस असंच मला वाटतं. आडपडदा ठेवत नाही. तुझा रागही आला होता. सुनेला आमची काही पडलेलीच नाही, असं मनात म्हटलं. तू तिकडे नोकरीच्या गावात रोज प्रयोगशाळेत सायकलने जातेस, बसगाड्यांच्या गर्दीतून, तेवढ्यानेच मी इथे घड्याळाकडे बघत बसतो. पण मागच्या खेपेला निघताना तू जिन्यात थांबून म्हणाली होतीस की अण्णा, मी अजून त्या दुकानासमोरच उभी आहे, मला आता तिथून हलायचं आहे. सावकाश उतर, पायऱ्या उंच आहेत, असलं काहीतरी मी बोललो. ते वाक्य मी हिला सांगितलं. ही भाजी निवडत राहिली. मला वाटलं, ऐकलंच नसेल.

पण त्यानंतर हिचं काहीतरी वेगळंच सुरू झालं. सकाळी चहा झाला की पिशवी घेऊन बाहेर. कुठे, तर बहिणीकडे. या दोघी बहिणींचं किती पटतं ते तुला ठाऊक आहे. एके सकाळी ही बाहेर पडली आणि थोड्या वेळाने तीच बहीण आमच्या दारात येऊन उभी, ताई आहे का म्हणून! झालं, माझं डोकं फिरलं. काल मी हिच्या मागोमाग गेलो. या वयात बायकोचा पाठलाग करायची वेळ आली, हस खुशाल. ही झपाझप चालत निघाली ती थेट त्याच रस्त्याला वळली. माझे पाय कोपऱ्यावरच थांबले. त्या दिवसापासून मी तिथे पाऊल टाकलेलं नाही, शिकवणीची गाडीसुद्धा लांबून वळवून नेतो. कसाबसा एका खांबाच्या आड उभा राहिलो. खांब बारीक आणि मी जाडा.

ही औषधाच्या दुकानात शिरली. मग पावाच्या दुकानात, मग चष्मेवाल्याकडे, मग कुलपं दुरुस्त करणाऱ्याकडे. टेलिफोन ऑफिसातला तो खणखणीत आवाज मला रस्त्यापलीकडे ऐकू येत होता. रविवारी फेरीची शेवटची सायकल पुढे जाईपर्यंत दुकानासमोर एकही गाडी उभी करायची नाही आणि कुणाला करू द्यायची नाही, असं ती सगळ्यांना बजावत होती. जो हो म्हणेल त्याच्या गाडीच्या दाराला आतून रबराची पट्टी, तीही ही स्वतः बांधणार. औषधवाला अगदी रडकुंडीला आला होता. अहो बाई, मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं होतं, रोज कशाला येता? ही म्हणाली, रविवारी विसराल, म्हणून येते. मग माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाली, या आता खांबाआडून बाहेर, आणि ही पिशवी धरा. रस्ता संपेपर्यंत ती पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. त्या जागेवरून जाताना तिने माझा दंड घट्ट धरला, पण ती थांबली नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. घरी आल्यावर ही म्हणाली, तिला लिहा. मी म्हटलं, तूच फोन कर की. तर म्हणाली, फोनवर तिचा आवाज ऐकला की मला रडू फुटेल, आणि मी रडले तर ती फेरी सोडून इकडे धावत येईल. ते मला नको आहे. तर सूनबाई, पायरीचं ते बोलणं तिने मागे घेतलं आहे. फेरी संपली की आहेस तशी, धुळीच्या कपड्यांत, आधी घरी ये. सायकल खाली ठेवू नकोस, वर आण. रविवारी आम्ही दोघं त्या औषधाच्या दुकानासमोर उभे असू. आणि एक गोष्ट तिने मला दोनदा बजावून लिहायला सांगितली आहे. आम्ही दिसलो की तू हात वर करशील, हाक मारशील, कदाचित थांबशीलसुद्धा. तसलं काहीही करू नकोस. आमच्याकडे बघूही नकोस. दोन्ही हात हँडलवर ठेव, डोळे रस्त्यावर ठेव, आणि आमच्यासमोरून निघून जा.

तुझाच,
अण्णा