वाटणीतला कीबोर्ड

चि. भावोजींस,

वहिनीचे आशीर्वाद. (तुमची साठी उलटली हे ठाऊक आहे, पण नात्याने मी मोठी, तेव्हा मुकाट्याने घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? (आम्ही दोघी फोनवर बोलतो हे तुम्हा भावांना माहीत नाही, असं आम्ही समजतो.) इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. पत्राला तसं काही कारण नाही. तुम्ही घर सोडलंत त्याला एकोणीस वर्षं झाली, एवढंच.

आमच्या लेकीला तिच्या आजीच्या आठवणी वाचायच्या आहेत. आठवतं ना, सासूबाई पलंगावर बसून सांगायच्या आणि तुम्ही खटाखट टंकायचात? हे एका बोटाने टंकायचे, म्हणून सासूबाई म्हणायच्या, "तू राहू दे रे, तुझं एक अक्षर उमटेपर्यंत मी पुढचं विसरते." ते सगळं त्या तळहाताहून मोठ्या, लवचीक फ्लॉपीत आहे. लेकीच्या लॅपटॉपला ती घालायला तोंडच नाही (लेकीला आहे, ते वेगळं). शेवटी कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, नव्याला जुन्याचं बोलणं कळत नाही. मध्ये दुभाष्या पाहिजे. तुमचा म्हातारा कॉम्प्युटर टाकला तर नाही ना?" टाकते कशाला! देवघराशेजारी चादर पांघरून बसलाय. त्याला दोन तोंडं, एक मोठ्या फ्लॉपीचं, एक छोटीचं. मोठीतलं वाचून तो छोटीत लिहिणार, आणि छोटी वाचणारी डबी लॅपटॉपला जोडता येते म्हणे. ऐकून मला भरूनच आलं. सासूबाईंचं म्हणणं लेकीला आणि लेकीचं सासूबाईंना मी इतकी वर्षं असंच तर पोचवत होते (थोडं गाळून).

पण फ्लॉपीला बुरशी आलेली. तशीच घातली तर यंत्र बिघडेल, असं रेडिओवाल्याने सांगितलं. मी म्हटलं, धुऊन काढते. तो हसला, मग म्हणाला, "खरं तर तोच उपाय आहे." म्हणजे बघा, मॅट्रिक झालेल्या बाईला एवढं कळतं! कवच एका कडेने कापलं, आतली तपकिरी चकती कोमट साबणाच्या पाण्यात बोटांच्या टोकांनी चोळली, जुन्या मलमलीवर वाळवली आणि कोऱ्या फ्लॉपीच्या कवचात घातली. हे सारा वेळ दारात उभे, "जपून, आई आहे ती!" (सासूबाईंना मी न्हाऊ घालायचे, तेव्हाही दारातून हेच.)

देवाला हात जोडून बटण दाबलं. पंखा कण्हला, पडदा उजळला आणि कॉम्प्युटरने इंग्रजीत सांगितलं की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला कीबोर्डवरचं बटण दाबा. लेक हसून लोळली. हे हसले नाहीत. तुमच्या दोघांचा अर्ज टंकून देण्याचा धंदा मोडला तो दिवस आठवला असणार. यांनी डबा आणि पडदा ठेवून घेतला, कीबोर्ड काखोटीला मारून तुम्ही निघालात. "माझ्याशिवाय चालवून दाखव," म्हणालात. नाही चालला, भावोजी. तुम्ही जिंकलात. तुम्ही तरी नुसत्या कीबोर्डचं काय केलंत देव जाणे. (जाऊबाई म्हणतात, दर रविवारी पुसता.)

असो. गुडघ्याला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. कीबोर्ड द्याल का? हल्लीच्या कीबोर्डची पिन आमच्या जाड गोल भोकात बसत नाही, असं हे दिवसातून तीनदा ऐकवतात. पार्सलने नको, बटणं सैल होतील. हातानेच आणा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार, तोच भाजी आणताना रेडिओवाला भेटला. "ताई, मागच्या आठवड्यात दादांना जुना कीबोर्ड शोधून दिला होता, बसला का?" घरी येऊन शोधला. यांच्या कपाटात, स्वेटरच्या घडीखाली होता. जाड गोल पिनेचा. वेष्टन न फोडलेल्या औषधासारखा, हात न लावलेला. मी घडी होती तशी करून ठेवली आणि काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. तुमचाच घेऊन या.