कंपनी जेवायला यायची तेव्हा

अप्पा, यंदा येळवशीला आपल्या शेतात कंपनी आली नाही. मी बोलावलंच नव्हतं. आईने सवयीने एक पान जास्त वाढलं आणि मग माझ्याकडे सरकवलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत आम्ही दोघीच जेवायला बसलो, असं पहिल्यांदाच झालं.

बाहेरच्या कुणाला हे सांगायचं तर आधी समजावून द्यावं लागेल, की येळवशी म्हणजे वेळ अमावास्येला रानात जाऊन जेवायचा सण, आणि आपल्या घरात कंपनी म्हणजे माणूस. पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्याचा जो कुणी अधिकारी रेणापूरच्या आपल्या दुकानाचं बघेल, तो. माणसं बदलत गेली, कोल्हापूरचा गेला, नाशिकचा आला, पण तुमच्या तोंडी सगळ्यांचं नाव एकच. "कंपनी आली, आंबील काढा!" कडब्याच्या खोपीपुढं बसवून तुम्ही पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे असे काही वाढायचात, की एकजण तिथंच ज्वारीच्या कडेला घोरायला लागला. तुम्ही कौतुकाने म्हणालात, "कंपनी लई दमली हाय, झोपू द्या."

मी नुकती दुकानात बसायला लागले होते तेव्हाची गोष्ट. एका शेतकऱ्याची नवी मोटार आठवड्यात जळाली. मी त्याला सांगून टाकलं, कंपनीचाच माल खराब आलाय, आम्ही काय करणार? तुम्ही त्याच्यादेखत मला झापलंत. "इकताना माल आपला, जळल्यावर कंपनीचा व्हय गं?" फळीवरची दुसरी मोटार काढून त्याच्या हवाली केलीत. जळकी मोटार कंपनीच्या माणसाने तुमच्या नुसत्या शब्दावर परत नेली. मी मात्र दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. आता दुकानात मला झापणारं कुणी नाही आणि ते फार खुपतं.

येळवशीच्या आठवडाभर आधी सगळ्या डीलरांना नांदेडच्या एका हॉटेलात बोलावलं होतं. पडद्यावर नकाशा, त्यात रेणापूरचा ठिपका लातूरच्या मोठ्या डीलरच्या खाली. म्हणजे कंपनी यापुढं आपल्याशी थेट बोलणार नाही. माल लातूरहून उचलायचा, आपण सब-डीलर. मंजूर नसेल तर दुकानावरची कंपनीची पाटी उतरवायची. मी उभी राहते आणि विचारते, "मोटार जळाली तर शेतकऱ्यानं कुणाकडं जायचं?" अधिकारी पोरसवदा, बोलायला अदबशीर. "ॲपवर तक्रार टाकायची, मॅडम." बाकीचे डीलर मांडलेल्या जेवणाकडं बघतायत. नंतर तो ताट घेऊन माझ्या टेबलाजवळून गेला आणि आपल्या माणसांत जाऊन बसला. एवढ्या गर्दीत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. तो वाईट नाही, अप्पा. चूक तुमचीच. तुम्ही एका माणसाला जेवू घालायचात आणि अख्खा कारखाना आपला सोयरा झाला असं धरून चालायचात. तुमची ही चूक मला फार आवडते.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय ठरलं गं?"

"न्हाई म्हणून आले. अप्पाची पाटी कुणाच्या हाताखाली लावणार न्हाई."

आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बापाची लेक हायस," म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

हा कागद कुठंच जाणार नाही, म्हणून लिहिते. सब-डीलरच्या करारावर सही मी नांदेडलाच करून आले होते, जेवणाची रांग लागायच्या आधी. सकाळी उघडायला शटरच नसतं तर मी कुठं गेले असते, अप्पा?