पेटीतला चैतराम

१ जुलै १९३६, बुधवार
आजपासून रोजनिशी. एकही दिवस चुकवायचा नाही.
आरंभी स्वतःविषयी. गोंदियाच्या शिंगाडा छाप बिडी कारखान्यात मी चेकर. बायका घरी बिड्या वळून आणतात, त्यांतल्या पोकळ, फाटक्या मी बाजूला फेकतो. न्याय करण्याचे काम आहे. बायका शिव्या देतात, पण न्यायाधीशाला कोण दुवा देतो?
मालक नंदलालशेठ यांनी कारखान्याची हॉकी टीम काढली आहे, आणि आता नवी स्कीम. बिडीच्या प्रत्येक कट्ट्यात, म्हणजे बंडलात, एका प्लेअरचा रंगीत फोटो. गिऱ्हाईकाने आवडत्या प्लेअरचा फोटो दुकानात परत द्यायचा आणि काडेपेटी फुकट न्यायची. ज्याचे फोटो जास्त परत येतील तो पब्लिकचा लाडका, तो टीममध्ये राहणार. ज्याचे येणार नाहीत त्याला नारळ. कट्ट्यात फोटो घालण्याचे काम शेठनी माझ्यावर सोपवले. त्यांना माणसाची पारख आहे.

५ जुलै, रविवार
रेल्वेच्या टीमबरोबर मॅच. जिंकलो. सगळे गोल चैतरामचे.
जवळच्या मुर्री गावचा पोरगा, पण काय खेळतो. हॉकीमुळेच शेठनी त्याला गोदामात लावून घेतले आहे. त्यावर तो आणि त्याची म्हातारी माय जगतात. आमचा गोलकीपर बकाराम मात्र गोल उघडा टाकून पान खायला गेला होता.
शेवटच्या गोलनंतर चैतरामने वळून माझ्याकडे पाहिले. बायको, सावित्री, म्हणते माझ्या मागे भजेवाला उभा होता. बायकांना हॉकी कळत नाही.

१३ जुलै
बाजारात एक माणूस चैतरामच्या फोटोची सुरळी करून कान कोरत होता. कारखान्यात परत येऊन एका कट्ट्यातला चैतराम काढून घेतला आणि जागी बकाराम घातला. फक्त एक. चैतरामच्या अब्रूसाठी.

२१ जुलै
आणखी थोडे काढले. कोणी म्हणेल, एक असताना दुसरा कशाला? अडाणी म्हणेल. एकात ओठ जास्त लाल आहेत, एकात स्टिकची सावली लांब पडली आहे. सावित्री म्हणाली, काऊन जी, सारे एकसारखेच तं आहेत. तिला दोघी जावांची लुगडी दुरून ओळखू येतात, पण हे दिसत नाही.

३१ जुलै
आता एकही चैतराम बाजारात जात नाही. सगळे माझ्याकडे, सावित्रीच्या लग्नातल्या पेटीत. तिची लुगडी दोरीवर टाकली. तिथे त्यांना हवाही लागते.
पेटीची किल्ली जानव्याला बांधली आहे.

१० ऑगस्ट
पब्लिकची अक्कल गहाण पडली आहे. दुकानांतून बकारामचे फोटो पोत्याने परत येत आहेत. मोजणी या महिन्यापासूनची, त्यात चैतरामचा एकही नाही. शेठ म्हणाले, बकाराम तो बड़ा हीरो निकला. मी म्हटले, शेठजी, लोकांना खेळ कळत नाही. ते म्हणाले, पब्लिक भगवान है केशोराव, हम कौन होते हैं?
लोकांच्या कृतघ्नपणाने घरी येऊन जेवण गेले नाही. पेटी उघडून बसलो तेव्हा बरे वाटले.

१४ ऑगस्ट
हाहाकार. शेठनी चैतराम देऊन टाकला. तिरोड्याच्या बदक छाप बिडीवाल्यांना. बदल्यात तेंदूपानाच्या गाडीला बैलजोडी घेतली.
बैल पारखून घ्यायची रीत आहे, म्हणून सौदा दसऱ्याला पक्का होणार. तोवर पब्लिकने चैतराम मागितला, म्हणजे त्याचे फोटो परत आले, तर शेठ बैल परत करून त्याला आणतील. तसे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले.
जाताना चैतराम भेटला. विचारू लागला, बाबूजी, माहा एकबी फोटो नाही आला का जी? मी कायी कमी खेललो का? मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, लोक आंधळे आहेत. मायला मुर्रीत एकटी टाकून जावे लागते याचे त्याला वाईट वाटत होते. माझे डोळे भरून आले. एवढे प्रेम त्याच्यावर दुसऱ्या कोणी केले नसेल.

१७ ऑगस्ट, पोळा
कारखान्यात बैलजोडी सजवली. शेठनी मलाच पुरणपोळी भरवायला सांगितली. त्यातल्या पांढऱ्याने माझ्या पायावर पाय दिला. मी त्याच्या डोळ्यांत नीट पाहिले. तिथे हॉकी नव्हती.
बर्लिनला आपल्या हॉकीवाल्यांनी मैदान मारले म्हणे. ज्या देशात चैतराम बैलांवर जातो, त्याने कुठे कुठे जिंकावे?

२४ ऑगस्ट
सावित्री आज स्पष्ट बोलली. पेटीतले फोटो चार दुकानांत वाटून द्या जी, शेठ चैतरामले वापस आनते. तुमीच तं धाडलं त्याले.
शेवटचे वाक्य मला समजले नाही. पहिल्यात मात्र तथ्य आहे. संकल्प: उद्या सगळे फोटो देऊन टाकायचे. सगळे.

२५ ऑगस्ट
मंगळवार. मंगळवारी कोणी चांगल्या कामाला हात घालतो का?

३ सप्टेंबर
कोणते द्यायचे याची निवड सुरू केली. घाईचे काम नाही.

१९ सप्टेंबर
निवड संपली. देण्यासारखा एकच निघाला. छापताना लाल रंग पसरून नाक गालावर गेले आहे तो. पण एकच देणे म्हणजे चैतरामचा अपमान. तोही परत ठेवला.

८ ऑक्टोबर
चैतरामची माय मुर्रीहून दारी आली. मी मागच्या दाराने बाडीत गेलो, वांगी पाहायची होती. ऐकू येत होते. म्हातारी म्हणत होती, बाई, माह्या पोराचा फोटू बिडीत निंगत होता म्हनते. मी तं पायलाच नाही. तुमच्या घरचे कारखान्यात आहेत, एखांदा असंन तं पाहाले द्या.
सावित्री आत गेली. पेटीजवळ जाऊन कुलूप हलवल्याचा आवाज आला. मग तिने म्हातारीला तांदूळ दिले.
वांग्यांना कीड आहे.

२५ ऑक्टोबर, दसरा
शेवटचा दिवस. सकाळी आंघोळ करून पेटी डोक्यावर घेतली. सावित्रीने आनंदाने कुंकू लावले.
नाक्यावर लोक सोने वाटत होते. तेव्हा ध्यानात आले, दसऱ्याच्या दिवशी घरातली लक्ष्मी बाहेर काढतात का? परत आलो. ऐन वेळी सुचले म्हणून बरे. उद्या नक्की.
दुपारी बकारामची मिरवणूक घरावरून गेली. कॅप्टन झाला. पान खातच होता.

२६ ऑक्टोबर
वचनाला जागलो. दुकानांत हिंडण्यापेक्षा पेटी थेट शेठपुढे नेली आणि म्हटले, पाहा, पब्लिकचे प्रेम.
शेठनी एक फोटो उचलला, उलटा केला, वास घेतला. म्हणाले, तंबाखू की बू नहीं, मोड़ भी नहीं. केशोराव, ये कट्टे में गए भी थे?
मी अभिमानाने सांगितले, एकही जाऊ दिला नाही.
शेठनी फोटो परत पेटीत टाकला. सौदा कालच पक्का झाला होता, बैलांच्या कपाळी गुलालही होता. मग म्हणाले, ये तुम ही रखो.
लगेच माझी सालेकशाच्या पानगोदामावर नेमणूक केली. स्वतंत्र चार्ज! हाताखाली एक माणूस, इतवारी. कामाचे चीज होतेच. सावित्री म्हणाली, तुमी व्हा समोर, मी येतो मंग. कधी ते सांगितले नाही.

२२ नोव्हेंबर, सालेकसा
इतवारीने बातमी आणली की बदक छापची टीम पॅसेंजरने डोंगरगडला मॅचला जाणार. पेटी घेऊन तासभर आधीच स्टेशनवर गेलो.
गाडी थांबली. चैतराम पाणी प्यायला उतरला. त्याने मला ओळखले, पाया पडला. म्हणाला, आपल्या लोकायले मी आवडलो नाही बाबूजी, थे गोष्ट मनातून जात नाही. स्टिक हातात घेतली का थेच आठवते.
असे का म्हणतोस, वेड्या. मी पेटी उघडली. म्हटले, बघ, कोण म्हणतो तू कोणाला आवडला नाहीस?
तो वाकून पाहत राहिला. एक उचलला, दुसरा उचलला. मग हळूच म्हणाला, सारे तुमच्यापाशीच होते का जी?
सारे, मी म्हटले. एकही सुटलेला नाही.
त्याला भावना अनावर झाल्या असाव्यात, कारण दोन्ही फोटो त्याने पेटीत पालथे ठेवले. गार्डाने शिट्टी दिली तेव्हा म्हणाला, एक द्या मंग, मायले दाखवाले.
कठीण प्रसंग होता. पण मी मन मोठे केले. शोधून शोधून नाक पसरलेला काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो पाहिला. माझ्याकडे पाहिले, अगदी रेल्वेच्या मॅचला पाहिले होते तसे. आज मागे भजेवाला नव्हता.
मग फोटो पेटीत ठेवला, झाकण स्वतःच्या हाताने लावले आणि म्हणाला, राहू द्या जी, तुमच्याच कामाचा आहे. डब्यात चढला. खिडकीशी आला नाही.
म्हणजे एकही फोटो गेला नाही. सगळे आहेत.
घरी येऊन पेटी कोपऱ्यात ठेवली. रोज एकदा उघडतो. आज उघडावीशी वाटत नाही. प्रवासाने दमलो असेन. स्टेशन तसे जवळच आहे.